बंद पडलेल्या पीसीचं साल

गिरगाव-दादरच्या जुन्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत माळ्यावर एखादा ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा पीसी पडून असतो. त्याच्या हार्ड डिस्कवर कुणाचा दिवाळी अंक असतो, कुणाचा अर्धवट कोश. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला, आणि तो उघडणारं सॉफ्टवेअर पाठीमागच्या पॅरलल पोर्टला डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे नुसती डिस्क काढून नव्या मशीनला जोडून भागत नाही, जुनं मशीनच उभं करावं लागतं. ते उभं राहत नसेल तर मी आधी साल विचारतो. पीसीच्या प्रत्येक पिढीला स्वतःची दुखणी आहेत आणि साल कळलं की निम्मा शोध संपतो.

आयबीएमने पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणला, तेव्हा ती कंपनी भारतात नव्हती. परकीय भागभांडवलावर मर्यादा घालणाऱ्या फेरा कायद्यामुळे तिने १९७८ मध्येच इथला गाशा गुंडाळला होता. मात्र त्या पीसीसोबत तिने एक मोठी गोष्ट केली. मदरबोर्डचे सर्किट आराखडे आणि बायॉसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, संपूर्ण कोड टेक्निकल रेफरन्स पुस्तकात छापला. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि बाकीच्या बहुतेक चिपाही कुणालाही विकत मिळणाऱ्या होत्या. त्यातून जगभर नकला निघाल्या. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरचे निर्बंध सैल झाले आणि तसेच सुटे भाग मुंबईतही येऊ लागले. त्याच वर्षी रंगराजन समितीच्या अहवालाने बँकांच्या शाखांत संगणकाची वाट मोकळी केली.

भाग येऊन पडले ते लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर. रेडिओ, अँप्लिफायरच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार. सर्किट वाचणारे, सोल्डरिंग गन हातात सहज खेळवणारे लोक तिथे आधीपासून होते. असेंबल्ड पीसी इथे रुजला तो त्यांच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. अशा मशीनमध्ये बोर्ड एकाचा, डिस्प्ले कार्ड दुसऱ्याचं, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, तिसऱ्याचा, आणि मॅन्युअल कशाचंच नाही. पण सुरू होण्याचा क्रम सगळ्यांचा आयबीएमचाच, आणि दुरुस्ती त्याच क्रमाने करायची असते.

क्रमातली पहिली पायरी एसएमपीएस. व्होल्टेज स्थिर झाली की तो बोर्डाला पॉवर गुड नावाचा पाच व्होल्टचा इशारा देतो. तो येईपर्यंत प्रोसेसर रिसेटमध्ये, म्हणजे थांबवून, धरलेला असतो. म्हणून पंखा फिरतोय पण बीप नाही, डिस्प्ले नाही, अशा वेळी थेट बोर्डाला दोष देऊ नये. मल्टिमीटर आधी या वायरवर लावावा. बोर्डाला जाणारे दोन कनेक्टर, पी ८ आणि पी ९, शेजारी शेजारी बसतात आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे बसले तर बोर्ड जातो. एसएमपीएस उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात, हे विसरू नका.

८०८८ च्या पिढीत टँटलम कपॅसिटर शॉर्ट होतात आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला सुरूच होत नाही. कार्डं एकेक काढून पाहिली की गुन्हेगार सापडतो. तापून-निवून सॉकेटमधल्या चिपाही हळूहळू वर सरकतात. त्या अंगठ्याने दाबून बसवणं आणि कार्डांचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासणं हे इथले जुने उपाय, आणि ते खरोखर चालतात.

सगळ्यात जास्त मशिनं मारली ती मात्र १९८४ च्या एका चांगल्या कल्पनेने. त्या वर्षीच्या आयबीएम एटीमध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारी सीमॉस चिप आली, तिच्यासाठी बॅटरी आली. आयबीएमने बॅटरी बोर्डाबाहेर ठेवली होती. नक्कल करणाऱ्यांनी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच सोल्डर केली, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटशेजारी. काही वर्षांनी ती गळते. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या ट्रॅकवर पसरतं, हिरव्या थराखालचा ट्रॅक काळा पडतो, चिपांच्या पायांवर निळसर-हिरवी खपली धरते. मुंबईच्या दमट, खारट हवेत हे थांबत नाही, एका पावसाळ्यातून दुसऱ्यात पुढे सरकत राहतं. जवळच कीबोर्ड कंट्रोलर असतो आणि एटीमध्ये एक एमबीपलीकडच्या मेमरीची वाट उघडणारी ए २० लाइनही तोच सांभाळतो. त्याचा ट्रॅक खाल्ला गेला की एएमआय कंपनीचा बायॉस सहा बीप देऊन ते कळवतो. (तीन बीप पहिल्या ६४ केबी मेमरीचे, आठ डिस्प्ले मेमरीचे.)

उपाय चिकाटीचा आहे. बॅटरी कापून काढा. गळलेला द्रव अल्कली, म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज द्यायची नाही. तुटलेल्या ट्रॅकवर बारीक वायरीने जंपर मारा. नवी बॅटरी वायरीने बोर्डापासून दूर ठेवा. लिथियम सेल लावणार असाल तर मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड हवाच, कारण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि लिथियम सेल चार्ज करायचा नसतो.

बीप नीट आली, मेमरी मोजली आणि मशीन तिथेच अडकलं, तर बिघाड डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या, बूट करणारा कोड असलेल्या सेक्टरात असू शकतो. ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीतून पसरणारे व्हायरस नेमके तिथे बसत. १९९० मध्ये भारतात आढळलेला जोशी त्यांतलाच. ५ जानेवारीला तो मशीन अडवून ठेवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. जुन्या फ्लॉप्यांवर तो अजून जिवंत असू शकतो, म्हणून खात्रीच्या, राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीनेच बूट करावं.

१९९९ नंतरच्या बोर्डांवर फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोळ्यांनीच दिसतात, ते बदलले की बहुतेक वेळा काम होतं. २६ जुलै २००५ च्या पुरात बुडालेल्या मशीनचं दुखणं मात्र कोणत्याच पिढीचं नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि तळमजल्यांवर गटाराचं पाणी शिरलं. अशा मशीनला वीज देण्याआधी प्रत्येक सॉकेट आणि कनेक्टर उघडून धुवावा लागतो.

मशीन सुरू झालं की लगेच बंद करून परत चालू करून पाहण्याचा मोह आवरा. डिस्क फिरतेय तोवर मजकुराच्या फाइली, त्यांचे फॉन्ट आणि सॉफ्टवेअरचं अख्खं फोल्डर कॉपी करून घ्या. डाँगल होता त्याच पोर्टला राहू द्या.