ओढायचा स्लाइम, आवळायचा स्लाइम

"स्लाइम करायचाय" म्हणून मूल मागे लागलं की आधी विचारून घ्या: ओढून लांबवायचा, की मुठीत आवळल्यावर टणक होणारा? नाव दोघांचं एकच पडलंय, हाताला दोन्ही गार आणि लिबलिबीत. पण एक फेविकॉलचा, दुसरा कॉर्नफ्लॉरचा, आणि दोघांच्या आतला कारभार अगदी वेगळा.

पांढऱ्या गोंदात पॉलिमरचे लांबच लांब रेणू असतात, शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरणारे. बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, पाण्यात विरघळला की त्यातलं बोरेट या शेवयांना जागोजागी टाके घालतं. अर्धा कप गोंदात अर्धा कप पाणी कालवायचं. वेगळ्या भांड्यात कपभर कोमट पाण्यात चमचाभर टाकणखार विरघळवायचा आणि ते पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. गोळा भांडं सोडू लागला की थांबायचं; जास्त झालं तर रबरासारखा होऊन तुटतो. टाके सुटतात, पुन्हा बसतात, म्हणून सावकाश ओढलं तर तो लांबतो आणि हिसका दिला तर तुटतो. कॅरमची बोरिक पावडर म्हणजे टाकणखार नव्हे. तिच्या जोडीला खाण्याचा सोडा नसेल तर गोंद नीट आळत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने विकायला आणलेल्या स्लाइममध्येही बोरॅक्सच होता, फक्त गोंदाच्या जागी गवारगम. आपण भाजी करतो त्याच गवारीच्या बियांतून तो निघतो!

कॉर्नफ्लॉरमध्ये टाके वगैरे काही नाहीत. दोन वाट्या कॉर्नफ्लॉरला साधारण एक वाटी पाणी, झालं. स्टार्चचे कण विरघळत नाहीत, पाण्यात नुसते दाटीने बसतात. बोट हळू घातलं तर त्यांना बाजूला सरायला वेळ मिळतो. बुक्की मारली तर ते एकमेकांना अडकतात आणि पृष्ठभाग टणक लागतो. मूठ सैल केली की सगळं बोटांतून ओघळतं. मात्र कॉर्नफ्लॉर पांढरंच हवं, चिमटीत करकरणारं. भाकरीच्या पिवळ्या मक्याच्या पिठाने ही गंमत होत नाही.

हिसक्याला दोन्ही कडक होतात, म्हणून घोळ होतो. ओळखायचं तर दोन्ही ताटलीत तासभर ठेवा. गोंदाचा एकसंध पसरतो, कॉर्नफ्लॉर तळाशी बसून वर पाणी सुटतं.

टाकणखार पोटात जाणं धोक्याचं आहे. हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या वयात मला कॉर्नफ्लॉरच योग्य वाटतं. मोठ्या मुलांनाही टाकणखाराचं पाणी आपणच करून द्यावं आणि खेळून झाल्यावर हात धुवायला लावावेत.

गोंदाचा स्लाइम कपड्याला चिकटला तर व्हिनेगर चोळा, आम्लाने ते टाके सुटतात. कॉर्नफ्लॉरचा डाग वाळू द्या आणि झटका. पण उरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतू नका. पाइपात साका बसून तुंबतं. वाळवून कचऱ्यात टाका.