कुटुंब-आरोग्य आधार संस्थेची धर्मादाय नोंदणी

घरात दीर्घ आजार, अपंगत्व किंवा मानसिक आजार आला की त्याचा भार एकट्या रुग्णावर राहत नाही, सगळ्या घरावर पडतो. अशा घरांना माहिती, समुपदेशन, सोबत, आर्थिक हातभार किंवा काळजी घेणाऱ्याला थोडा विसावा देणारी संस्था म्हणजे कुटुंब-आरोग्य आधार संस्था. ती सार्वजनिक हितासाठी चालते, हे कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून मान्य करून घेणे म्हणजे तिची धर्मादाय नोंदणी. संस्था स्थापन होणे, तिला धर्मादाय दर्जा मिळणे आणि करसवलत मिळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अनेक देशांत त्यांचे अर्ज वेगळे आणि कार्यालयेही वेगळी असतात.

अशा संस्थांचा उगम बहुधा रुग्णालयाच्या बाकावर होतो. एकाच आजाराची मुले घेऊन आलेल्या दोन आया बोलू लागतात, तिसरी येऊन मिळते, मोबाइलवर गट तयार होतो. कुणाला औषधांसाठी पैसे कमी पडले की वर्गणी निघते आणि ती त्यांच्यापैकीच एकीच्या वैयक्तिक बँक खात्यात जमा होते. वहीत मात्र नाव आणि रक्कम एवढेच. या टप्प्यावर सगळी जोखीम त्या एकीच्या डोक्यावर असते. प्राप्तिकर खात्याने विचारले तर उत्तर तिलाच द्यायचे आणि उद्या कुणी संशय घेतला तर बोलही तिलाच लागणार. नोंदणीमुळे देणग्यांवर सवलत मिळते हे खरे, पण संस्थेच्या नावाचे खाते आणि दोघांच्या सह्या ही सोय मला त्याहून मोठी वाटते.

नोंदणीत खरी अडचण येते ती ‘सार्वजनिक हित’ या कसोटीपाशी. ठरावीक माणसांनी आपापसात केलेली मदत कितीही कळकळीची असली, तरी कायदा तिला धर्मादाय मानत नाही. इंग्लंडमध्ये १९४६ साली याचा निवाडा झाला. एका कारखान्यातील कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून हवाई हल्ल्यांची झळ बसलेल्या सहकाऱ्यांसाठी निधी उभारला होता. न्यायालयाने तो धर्मादाय ठरवला नाही, कारण लाभ वर्गणीदारांच्या बंदिस्त वर्तुळातच फिरत होता. १९५१ मध्ये तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही असेच तत्त्व लावले: लाभार्थी एकाच व्यक्तीशी किंवा एकाच मालकाशी असलेल्या नात्यावरून ठरत असतील, तर त्यांची संख्या मोठी असली म्हणून तो समाज होत नाही.

म्हणून संस्थेच्या घटनेतील, म्हणजे तिच्या मूळ नियमपत्रातील, उद्दिष्टाचे कलम लिहिताना एकेक शब्द तोलावा लागतो. ‘सभासदांच्या आजारी मुलांना साहाय्य करणे’ असे लिहिले की अर्ज अडकण्याची शक्यता वाढते. तेच ‘अमुक आजार असलेली मुले आणि त्यांची काळजी घेणारी कुटुंबे यांचे आजारपणामुळे होणारे हाल कमी करणे’ असे लिहिले, की दार अनोळखी घरालाही उघडे होते. एकाच बालकाच्या शस्त्रक्रियेसाठी जमवलेला निधीही याच कारणाने सहसा धर्मादाय ठरत नाही. आईबापांना हे कठोर वाटते आणि त्यांचे वाटणे मला समजते.

धर्मादाय हेतूंची कायदेशीर यादी जुनी आहे. इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात वृद्ध, पंगू व गरीब यांचे साहाय्य आणि आजारी सैनिकांचा सांभाळ यांचा उल्लेख होता. १८९१ च्या पेम्सेल खटल्याच्या निकालात न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटन यांनी दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म व इतर लोकोपयोगी कार्य असे चार गट पाडले. ‘आरोग्याची उन्नती’ हा स्वतंत्र हेतू तेथे २००६ च्या कायद्याने आला आणि २०११ च्या कायद्यात कायम राहिला. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ९ मध्ये दारिद्र्य किंवा आपत्ती यांचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत हे हेतू नावानिशी दिलेले आहेत. कुटुंब-आधाराचे काम यांपैकी एकाहून अधिक हेतूंत बसू शकते.

संस्थेचे कायदेशीर रूप कोणते घ्यावे हे देशागणिक बदलते. भारतात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूच्या अशा संस्थेला सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते आणि करसवलतीसाठी प्राप्तिकर खात्याकडे निराळा अर्ज करावा लागतो. अमेरिकेत संस्था राज्यात स्थापन होते, करमाफी मात्र केंद्रीय महसूल खाते देते.

कागद साधारण सगळीकडे सारखेच लागतात: घटना, विश्वस्तांची यादी व संमती, पत्त्याचा पुरावा, हिशेब. त्यातले विसर्जनाचे कलम लोक घाईत नकलून टाकतात. संस्था बंद पडली तर उरलेला पैसा सभासदांत वाटता येणार नाही, तो समान हेतूच्या संस्थेकडे जाईल, असे त्यात लिहिलेले असावे लागते.

या क्षेत्रात विश्वस्त आणि लाभार्थी बहुधा एकाच घरातले असतात. ज्या विश्वस्ताच्या मुलीला मदत द्यायची, त्याने त्या विषयापुरते बैठकीबाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. नोंदणीनंतरची शिस्तही सोपी नाही. महाराष्ट्रात विश्वस्त बदलला किंवा वारला, तर बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. आजारपणाने गांजलेल्या घरांकडून हेच आधी राहून जाते.

आणखी एक गोष्ट अर्ज भरताना क्वचितच कुणी सांगते. लाभार्थी कुटुंबांची माहिती गुप्त राहू शकते, विश्वस्तांची नावे मात्र सार्वजनिक नोंदवहीत जातात. मानसिक आजार किंवा एचआयव्ही यांसारख्या बाबतीत विश्वस्ताचे नाव दिसले की लोक त्याच्या घराविषयी तर्क करू लागतात. त्यामुळे ज्या घरात तो आजार नाही अशांनाही, म्हणजे निवृत्त परिचारिका, हिशेबनीस, शिक्षक यांना, विश्वस्त मंडळात सुरुवातीपासून घ्यावे. मग ज्या आईला नाव पुढे आणायचे नाही, तिला पदाशिवायही काम करता येते.