लावतोय की वाजवतोय?

इंदूरच्या विजयनगरातल्या एका क्लबात भाचीला घेऊन गेले होते. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘लाइव्ह’ लिहिलेलं. अर्ध्या तासाने ती माझ्या कानाशी ओरडली, “मावशी, हा गाणी लावतोय की वाजवतोय?”

प्रश्न अगदी नेमका होता. तो लावत होता, आणि छान लावत होता. पण तिकीट आम्हाला वाजवण्याचं विकलं होतं. याचा राग मला अजून आहे, कारण डीजे सेट आणि लाइव्ह सेट (सेट म्हणजे एका कलाकाराचा सलग कार्यक्रम) या दोन वेगळ्या कला आहेत आणि एकीच्या नावावर दुसरी खपवली की दोन्हींचा अपमान होतो.

(इंदूरात वरातीत “डीजे आला” म्हणतात तो माणूस नव्हे, स्पीकर लादलेली गाडी. ती इथे बाजूला ठेवू.)

डीजेकडे गाणी तयार असतात, बहुतेक दुसऱ्यांची. दोन प्लेअर, मधे मिक्सर. एक गाणं आपण ऐकतो, दुसरं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये चालू असतं. पहिलं मिनिटाला 124 ठोक्यांचं, दुसरं 127 चं असेल तर तो दुसऱ्याचा वेग तेवढा उतरवतो आणि ठोक्यावर ठोका बसला की हळूच ते आत घेतो. टेक्निक्स कंपनीचं एसएल-1200 हे टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवणारं यंत्र, 1972 मध्ये आलं ते घरी ऐकण्यासाठी, पण क्लबवाल्यांनी ते उचललं. 1979 च्या मॉडेलवर वेग 8 टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली आणि हे काम बोटाच्या टोकावर आलं. मराठीत आपण तंबोरा लावतो, तबला लावतो, सूर लावतो. डीजेचं लावणं त्या जातीचं आहे. “नुसती गाणी लावतो” म्हणणाऱ्यांनी सांधा चुकलेला एकदा ऐकावा: दोन तबलजी एकाच तालात, पण एक अर्धा श्वास मागे.

लाइव्ह सेटमध्ये गाणं तयार नसतं. त्याचे तुकडे असतात, तेही बहुधा कलाकाराचे स्वतःचे. टेबलावर ड्रम मशीन, सिंथेसायझर, सूर-ठोक्यांचा क्रम लक्षात ठेवून वाजवणारा सिक्वेन्सर, अनेकदा लॅपटॉप. 1980 मध्ये आलेल्या रोलंड कंपनीच्या टीआर-808 या ड्रम मशीनवर 16 बटणांची रांग आहे, तिच्यावरून एक दिवा पळत असतो. आपल्याला लगेच तीनताल आठवतो, पण या 16 मात्रा नव्हेत. चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. कोणत्या घरात आघात टाकायचा, कोणतं रिकामं ठेवायचं, हे वाजवता वाजवता बदलता येतं. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये याच 808 ला टीबी-303 आणि ज्युपिटर-8 या सिंथेसायझरांची जोड देऊन रेकॉर्डसाठी राग वाजवले. ती रेकॉर्ड तेव्हा कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. आपल्याकडच्या कुणी हे इतक्या आधी केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

वेळेचंही बघा. डीजे चार-पाच तास सहज खेचतो, कारण त्याच्याकडे हजारो गाणी. लाइव्ह सेट बहुधा तासाभराचा, स्वतःच्या शिदोरीएवढाच. त्यामुळे लाइव्हला उशिरा पोचलात तर गमावलंत.

ओळखायचं कसं? हेडफोन बघा. पुढचं गाणं चोरून ऐकायचं नसेल तर एक कान झाकायची गरज सहसा पडत नाही. ही खूण पक्की नाही. काही जण दोन्ही मिसळतात, आणि काही लॅपटॉपवर तयार ट्रॅक सोडून नुसते हात हलवतात. म्हणून तिकिटाआधी विचारा: “सेट डीजेचा की लाइव्ह?” सरळ उत्तर येत नसेल तर डीजेचाच धरा.

नंतर एकदा खरा लाइव्ह सेट मिळाला. ती मुलगी दोन मिनिटं एकच खुंटी फिरवत होती, घड्याळाच्या काट्याइतकी सावकाश. बास पातळ होत होत नाहीसा झाला, नुसती यंत्रातली टाळी उरली. तिने एक बटण दाबलं, पळत्या दिव्याच्या वाटेत नवा आघात आला, आणि सगळा हॉल त्या जागेवर हलला. भाचीने बोट दाखवलं, “मावशी, हेडफोन नाहीये.” आम्ही गर्दीतून वाट काढत टेबलाजवळ सरकलो.