‘स्कारबरो फेअर’ची चाल आली कुठून?

गिटार किंवा बासरी नव्याने हाती घेतलेल्यांना ‘स्कारबरो फेअर’ हे इंग्रजी लोकगीत हमखास शिकवतात. तीन मात्रांचा संथ ठेका, मोजक्याच कॉर्ड आणि एका सप्तकाच्या आसपास फिरणारी चाल. पण या साध्या गाण्याचे शब्द आणि सूर वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत.

नावातली जत्रा (फेअर) खरी. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरोला इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाने १२५३ साली सनद दिली आणि १५ ऑगस्टपासून पुढे ४५ दिवस तिथे बाजार भरू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बंद पडला. म्हणून गाणंही मध्ययुगीन, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही.

शब्दांचं मूळ सापडतं ते १६७०च्या सुमारास छापलेल्या एका स्कॉटिश पोवाड्यात. एक यक्षासारखा सरदार तरुणीला अशक्य कामं सांगतो: सुई न लावता, शिवण न घालता सदरा शिव. तीही काही कमी नाही! समुद्र आणि वाळू यांच्यामधली जमीन नांगर, मग बघू, असं उलट सुनावते. हार्वर्डचे फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी आपल्या पोवाडासंग्रहात याला दुसरा क्रमांक दिला. त्या जुन्या पाठात स्कारबरो नाही आणि पार्सली, सेज, रोझमेरी, थाइम या वनस्पतीही नाहीत. त्या ध्रुपदात पुढे कधीतरी शिरल्या. त्यामुळे त्या प्लेगवरची औषधं म्हणून गाण्यात आल्या, ही सांगितली जाणारी कथा मला तरी पटत नाही.

आज सगळे वाजवतात ती चाल मात्र निवृत्त शिसे-खाणकामगार मार्क अँडरसन यांच्या तोंडची. डरम परगण्यातल्या मिडलटन-इन-टीसडेलमध्ये १९४७ साली लोकगीत गायक इवन मॅकॉल यांनी ती टिपली. पुढे इंग्लिश लोकगीत गायक मार्टिन कार्थी यांनी ती गिटारवर बसवली, त्यांच्याकडून लंडनमध्ये अमेरिकन गायक पॉल सायमन यांनी उचलली आणि १९६६च्या सायमन-गारफंकल या जोडीच्या रेकॉर्डमुळे ती जगभर पोचली. कार्थींचा त्यावर उल्लेखही नव्हता. हा सल कार्थींना अनेक वर्षं राहिला. २००० साली कार्थी आणि सायमन लंडनच्या मंचावर ती एकत्र गायले.

आपल्याकडच्या शिकणाऱ्यांना ही चाल परकी वाटत नाही, कारण तिचे सूर काफी थाटाचे: गंधार, निषाद कोमल आणि धैवत शुद्ध. वनस्पतींच्या ओळीत ‘प नि सां, नि प ध म प’ असं जाताना तो धैवत लागतो. नवखे नेमके तिथेच तो कोमल करून बसतात.