गेइशा म्हणजे वेश्या नव्हे

गेली कित्येक वर्षं मी जपानमधल्या गेइशा परंपरेचा अभ्यास करतेय. विषय निघाला की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "म्हणजे त्या... तसल्याच ना?" नाही. 'गेई' म्हणजे कला, 'शा' म्हणजे व्यक्ती. पहिले गेइशा तर पुरुष होते, मेजवान्यांत गाण्या-गोष्टींनी रंग भरणारे. बायका या पेशात आल्या त्या अठराव्या शतकात.

जुन्या एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, योशिवारा या वेश्यावस्तीत गेइशा आणि गणिका एकाच मैफलीत दिसत, पण गणिकांचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून गेइशांना देहविक्रीची मनाई होती. फरक कमरेवर दिसायचा: गणिकेच्या ओबीची, म्हणजे रुंद कमरपट्ट्याची, गाठ पुढे, गेइशाची मागे. क्योतोतल्या शिकाऊ माइकोची ओबी आजही पाठीवरून घोट्यापर्यंत लोंबते, टोकाला ती राहते त्या गेइशा-घराचं चिन्ह असतं. ती इतकी लांब आणि जड असते की बांधायला खास माणूस येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आलेले अमेरिकी सैनिक किमोनोतल्या वेश्यांनाही 'गेइशा गर्ल' म्हणू लागले आणि तो शिक्का जगभर पोचला.

सगळं गोड नव्हतं. गरिबाघरच्या मुली कर्जापोटी या घरांत दिल्या जात, धनिक आश्रयदातेही असत. ते लपवू नये. पण १९५८मध्ये वेश्याव्यवसायबंदीचा कायदा पूर्ण लागू झाल्यावर त्या वस्त्या बंद पडल्या, गेइशांची घरं मात्र चालू राहिली. १८७२मध्ये सुरू झालेला मियाको ओदोरी हा नृत्योत्सव क्योतोतल्या गिओन भागातल्या गेइको (तिथे गेइशांना हेच म्हणतात) आणि माइको आजही दर एप्रिलमध्ये सादर करतात.