दातेरी काना: बेल्ट सैल आहे की बीम उशिरा लागतोय?

लेझर मशीनवर नावाची पाटी कोरली आणि काना कंगव्यासारखा दातेरी आला, की पहिला सल्ला ठरलेला: "बेल्ट टाइट कर." थोडा जाणकार असेल तर म्हणेल, "सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट टाक," म्हणजे कोरलेल्या ओळी किती सरकवायच्या तो आकडा भर. दोन्ही उपाय खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या दुखण्यांचे आहेत आणि वरून दोन्ही दुखणी एकसारखीच दिसतात.

आधी अक्षराकडे नीट बघा. या बाबतीत देवनागरी इंग्रजी लिपीपेक्षा जास्त कामाची. शिरोरेघेच्या वरच्या-खालच्या कडा स्वच्छ, फक्त टोकं फाटलेली, आणि उभे दंडे मात्र दातेरी, असं असेल तर चूक डाव्या-उजव्या दिशेची आहे. सगळंच अक्षर सारखं जाडसर, धुरकट दिसत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. लेन्स पुसा आणि फोकस पुन्हा लावा.

लेझर सोडणारं हेड कोरताना डावीकडून उजवीकडे एक ओळ मारतं, मग उजवीकडून डावीकडे दुसरी. कंट्रोलरने हुकूम दिल्यापासून लेझरच्या ट्यूबमधून बीम (किरण) प्रत्यक्ष निघेपर्यंत थोडा वेळ जातो. समजा तो अर्धा मिलिसेकंद आहे. सेकंदाला 300 मिमी वेगाने पळणारं हेड तेवढ्यात 0.15 मिमी पुढे गेलेलं असतं. जाताना ठिपका उजवीकडे सरकतो, येताना डावीकडे, म्हणजे दोन ओळींत 0.3 मिमीचा फरक. ओळींतलं अंतर 0.1 मिमी ठेवलं असेल तर हा फरक त्याच्या तिप्पट झाला, तो डोळ्याला दिसणारच. वेग 100 वर आणला की तोच फरक 0.1 मिमी उरतो आणि पाटी एकदम बरी वाटायला लागते.

सैल बेल्टची गोष्ट वेगळी. दिशा बदलली की मोटर थोडी फिरते, पण हेड जागचं हलत नाही, आधी बेल्टमधली ढिलाई संपावी लागते. ती ढिलाई घड्याळ बघत नाही. वेग कमी केला तरी फरक जवळजवळ तेवढाच राहतो. बऱ्याचदा बेल्टवर उगाच आळ येतो. खरा दोषी मोटरच्या पुलीवरचा ग्रब स्क्रू (पुलीला मोटरच्या दांड्यावर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) किंवा हेडवरची हलणारी लेन्सची नळी असते.

इथे एक सर्रास होणारी फसगत सांगतो. "एकाच दिशेने कोरून बघ, साफ आलं तर ऑफसेटचा प्रॉब्लेम" असं बरेच जण सांगतात. हे चूक आहे. एकाच दिशेने कोरलं तर दोन्ही दोष लपतात, कारण उशीर असो वा ढिलाई, प्रत्येक ओळ सारखीच सरकते. वेळ दुप्पट जातो आणि निदान होत नाही ते नाहीच.

खरी परीक्षा वेग बदलून. एकाच तुकड्यावर, दोन्ही दिशांनी, तोच काना 50, 150 आणि 300 वर कोरा. वेगाबरोबर दाते वाढत गेले तर बीम उशिरा लागतोय. 50 वरही तेवढेच दाते असतील तर ढिलाई. खात्रीसाठी 20 मिमीचं वर्तुळ रेषेच्या मोडमध्ये, म्हणजे आत न कोरता फक्त कडेची रेषा, हळू वेगाने मारा. आडवी ढिलाई असेल तर ते डाव्या-उजव्या बाजूला किंचित चपटं येतं, कधी सुरुवात आणि शेवट जुळतही नाहीत.

ढिलाई निघाली तर मशीन बंद करून ग्रब स्क्रू तपासा. मोटरच्या दांड्याला सपाट बाजू असेल तर तो तिच्यावरच बसला पाहिजे. मग बेल्ट ताणा, पण तबल्याची वादी ओढल्यासारखा नको, नाहीतर बेअरिंग झिजतं आणि मोटर स्टेप चुकवायला लागते.

बीमचा उशीर निघाला तर लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनिंग ऑफसेटचा तक्ता आहे. त्यात वेगानुसार आकडे भरायचे. मोजलेल्या फरकाचा निम्मा आकडा लिहायचा, कारण प्रत्येक दिशेचा सरकाव निम्माच असतो. 0.3 मोजलं तर 0.15. अक्षर आणखी फाटलं तर आकड्याआधी वजा चिन्ह द्या.

मी एकदा सैल बेल्टवर ऑफसेटचा इलाज केला होता. 300 वर पाट्या छान यायला लागल्या, म्हणून आठवडाभर खूश होतो. मग गोल कीचेनची ऑर्डर आली आणि कापलेला एकही गोल धड गोल निघेना. तो तक्ता फक्त कोरण्याला लागू होतो, रेषा मारायला आणि कापायला नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी बेल्ट आणि पुली. नंतर जुना तक्ता पुसून सगळे आकडे नव्याने मोजा, कारण जुन्या आकड्यांत ढिलाईही मिसळलेली असते.