कर्करोगोत्तर जीवन (सोलापूर परिसर)

कर्करोगाचे मुख्य उपचार संपल्यावर रुग्णाला शरीर, मन, घर आणि रोजगार यांची घडी नव्याने बसवावी लागते, तो काळ. स्वतः या आजारातून उठलेले अमेरिकन डॉक्टर फिट्झह्यू मुलान यांनी १९८५ मध्ये त्याचे टप्पे मांडले. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी होते. वाचलेल्यांच्या घरात पुढे काय घडते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि किरणोपचारानंतर अनेकांचा जबडा नीट उघडत नाही, लाळ आटते, तिखट सोसत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या या मुलखात त्या माणसाच्या वाट्याला दुधात कुस्करलेली भाकरी येते. घास सांडतो, जेवायला वेळ लागतो. मग तो पंगत टाळू लागतो आणि लग्नाला घरातले दुसरे कोणी जाते.

शहराच्या पूर्व भागात विडी वळणे हा असंख्य बायकांचा घरबसल्या रोजगार आहे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर हाताला सूज येऊ शकते. मग मांडीवर सूप घेऊन दिवसभर पान कातरणे, दोरा गुंडाळणे झेपत नाही. कमाई घटली की घरातला शब्दही हलका होतो. तंबाखू सोडायला सांगितलेल्या रुग्णाच्या समोर तेच तंबाखूचे सूप आणि शेजारी मिशेरी लावणारी सासू, हेही इथलेच चित्र. नुसत्या उपदेशाने ते बदलत नाही.

आजार संसर्गजन्य नसूनही काही घरांत ताट-पेला वेगळा ठेवतात. मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने आईचे दुखणे ‘गाठ होती’ एवढ्यावर मिटवले जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर शरीरसंबंध दुखरे होऊ शकतात, तरुण स्त्रीची पाळी थांबते. यावर नवऱ्याशी बोलणे अवघड, डॉक्टरांशी त्याहून.

तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, साधा खोकलाही धसका देतो. “देवाच्या दयेनं वाचलीस, आता कशाला मनाला लावून घेतेस?” हा दिलासा बहुधा तोंड बंद करणाराच ठरतो. नैराश्य रेंगाळले तर उपचार लागतात; १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचे मोफत समुपदेशन मराठीतही मिळते. जबड्याचे आणि हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लवकर शिकून घेतले, तर जेवण आणि काम दोन्ही बरेच सावरते.